वजाबाकी मंडळाची निळी पेटी

मंडळ कसं चालवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. फी घेणार नाही. चहा मात्र बिनसाखरेचा मिळेल! वजन उतरवायला एकत्र निघालेली माणसं तिसऱ्या आठवड्यात एकमेकांना बघून रस्ता बदलतात, असा सगळ्यांचा अनुभव. आमचं मंडळ नऊ आठवडे चाललं. एकही शनिवार चुकला नाही! आणि दर शनिवारी आम्ही इतक्या टाळ्या वाजवायचो, की शेजारच्या फर्निचरवाल्यानं एकदा येऊन विचारलं, "दर आठवड्याला कोण रिटायर होतं हो तुमच्याकडे?"

आकडा ऐकायचाय? आठव्या शनिवारी आम्हा पाच जणांचं मिळून चौतीस किलो उतरलेलं होतं. चौतीस! म्हणजे एक शाळकरी मुलगी, दप्तरासकट, आमच्यातून उठून चालती झाली होती!

आता हे झालं कसं ते सांगते. म्हणजे झालं कसं, आणि मग काय झालं तेही. दुसरा भाग जरा हळू आवाजात सांगेन.

मी पार्सल ऑफिसात काउंटरवर असते. अकरा वर्षं लोकांचे खोके काट्यावर चढवतेय आणि उतरवतेय. आमचा काटा जमिनीवरचा, माणूस आरामात उभा राहील एवढ्या पाट्याचा, दीडशे किलोपर्यंतचा. समोर खांबावर लाल आकडे उमटतात. ऑफिस उघडतं नऊला, पण किल्ली माझ्याकडे. साहेब नऊच्या ठोक्याला येतात आणि आल्या आल्या, बॅग ठेवायच्याही आधी, काट्याचं शून्याचं बटण दाबतात. रोज! मला वाटायचं, असतो एकेकाला वहीम. कुणी घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतं, तसं.

आमच्या समोर शिंपीणताईंचं दुकान. दुकानाला तीन पायऱ्या. या तीन पायऱ्या ताई बसून चढायच्या. हो, बसून! पाठ दुकानाकडे करून एकेका पायरीवर टेकत टेकत वर. उजवा गुडघा पार गेलेला. एकदा माझा ब्लाऊज अंगावर मापून बघताना, तोंडात चार टाचण्या धरून त्या म्हणाल्या, "ऑपरेशन करतो म्हणालेत. पण वजन ऐंशीच्या आत आणा म्हणतात."

"मग आणा की!"

"दहा आठवडे दिलेत. दहाव्या सोमवारी दाखवायला जायचं. ऐंशीच्या आत असले तर तारीख. नाही तर नाव खाली, पुढची पाळी वर्षानं." टाचण्या काढून त्यांनी उशीत खोचल्या. "वर्षभर हा पाय मशीन चालवणार नाही हो. दुकान बंदच करावं लागेल. आणि दुकान बंद करून मी घरी काय करू? भिंतींची मापं घेऊ?"

माझ्या अंगात वारं शिरलं. (ते शिरलं की आमचे हे पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.) मी म्हणाले, "ताई, एकट्यानं वजन उतरत नाही. आपण मंडळ काढू!"

पुढच्याच शनिवारी साडेआठला ऑफिसात पाच जण हजर. मी अध्यक्षीण, कारण काटा माझा. शिंपीणताई. माझी धाकटी जाऊ, जिचं तोंड खाताना आणि बोलताना सारख्याच वेगानं चालतं. ग्रंथपालबाई, ज्या वाचनालयात पुस्तकांवर नंबर घालतात आणि घरी डब्यांवर. त्यांनी येतानाच जाड पुठ्ठ्याची वही आणली होती. आणि ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांचं पोट शेवटी स्टिअरिंगला टेकायला लागलं आणि एका वळणावर हॉर्न आपोआपच वाजला, असं तेच सांगतात.

पहिल्या दिवशी वजनं झाली. शिंपीणताई शहाऐंशी चारशे. मी एकाहत्तर दोनशे. काकांचा आकडा वाचताना ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला.

"लिहा लिहा, बाई," काका म्हणाले. "सीट फुल, उभ्यानं दहा!"

मंडळाचं नाव ठरलं 'वजाबाकी मंडळ'. आणि दोन नियम. पहिला नियम: काट्यावरून उतरणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आकडा काहीही असो. कमी असो, जास्त असो, टाळ्या म्हणजे टाळ्या! दुसरा नियम माझ्या डोक्यातला, आणि मला अजून त्याचा अभिमान आहे. घरातली जी वस्तू तुम्हाला रोज हाक मारते, ती आणून मंडळाकडे जमा करायची. जप्ती! त्यासाठी मी पार्सलची एक निळी प्लॅस्टिकची झाकणाची पेटी काढून दिली. ग्रंथपालबाई प्रत्येक वस्तूचं पाकिटावरचं वजन बघून वहीत नोंद करणार, पेटी माझ्या ताब्यात राहणार, दहा आठवड्यांनी काय करायचं ते बघू.

"पेटी तुमच्याकडेच का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"विश्वासाचं माणूस नको?" मी म्हणाले. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हे लक्षात ठेवा.

पहिल्या जप्तीत काकांनी बिस्किटांचे सहा पुडे दिले, जावेनं चॉकलेटचा डबा दिला आणि तो देताना डब्यावरून असा हात फिरवला की मला तिच्याकडे बघवेना. ताईंनी मशीनच्या खणातली गोळ्यांची बरणी आणली.

दुसऱ्या शनिवारी काय सांगू! जाऊ काट्यावर चढली आणि किंचाळली. अडीच किलो कमी! काका अडीच किलो कमी! ग्रंथपालबाई दोन सहाशे! मी दोन चारशे! शिंपीणताई चढल्या, कमरेला त्यांचा तो नेहमीचा जाड कापडाचा एप्रन, डोळे घट्ट मिटलेले. "वाचा कुणीतरी," म्हणाल्या.

"त्र्याऐंशी दोनशे!"

"चष्मा पुसून वाचा."

"ताई, चष्मा नसलेल्यांनाही तेच दिसतंय!"

त्या दिवशी आम्ही एवढ्या टाळ्या वाजवल्या की शेल्फवरची चिकटपट्टीची रिळं गडगडत खाली आली.

मग काय! आठवडाभर मेसेजचा पाऊस. सकाळी सहाला काकांचा: "गाडी स्टँडवरून सुटली! चालायला कोण कोण?" लगेच जावेचा: "मी निघाले, तोंडसुद्धा धुतलं नाही!" ताईंचा: "आज दिव्याच्या खांबापर्यंत गेले आणि परत आले." त्यावर आम्ही चौघांनी मिळून बावन्न टाळ्यांची चित्रं पाठवली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खांबापर्यंत. मग तिसऱ्या. गुडघा कुरकुरायचा, ताई त्याला उलट बोलायच्या. "गप रे, अध्यक्षीणबाईंना काय सांगू?" असं त्या गुडघ्याला म्हणतात, हे जावेनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तिसरा शनिवार, चौथा शनिवार, सगळ्यांची वजनं उतरतच होती. ग्रंथपालबाईंनी एकदा वहीवरून मान वर केली. "एक गोष्ट नवलाची आहे. सगळ्यांचं जवळजवळ सारखंच उतरतंय."

"एकी!" मी गर्जले. "याला एकी म्हणतात, बाई! आपली मनं एवढी जुळलीत की वजनंसुद्धा हातात हात घालून उतरतात!"

त्यावरही टाळ्या झाल्या.

शिवाय पुढे सातव्या आठवड्यात कपडेही आले की साक्षीला! माझे तीन ब्लाऊज बगलेत उसवले म्हणून ताईंकडे शिवण घालायला दिले होते. परत आले आणि घालून बघते तर सैल! चक्क सैल! मी यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात वर करून गोल फिरले. हे पेपरमधून बघून म्हणाले, "पंखा लावू का?"

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं. आता आवाज हळू करते.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. निळी पेटी टेबलाखाली, माझ्या पायाशी. मनात आलं, मुंग्या तर लागल्या नसतील? ताबा माझ्याकडे, जबाबदारी माझी. झाकण उघडलं. मुंग्या नव्हत्या. पण एका पुड्याचा कोपरा जरा फाटलेला वाटला. फाटलेला पुडा ठेवला तर मुंग्या येणारच! म्हणून तो संपवला. निव्वळ बंदोबस्त म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी केली. मला सांगा, तपासणी एकदाच करून भागतं का? आठवड्यात मी पेटीची इतक्या वेळा तपासणी केली की शेवटी चॉकलेटच्या डब्यात नुसते चंदेरी कागद उरले. ते मी गोळे करून नीट भरून ठेवले. डबा हलवला तर आवाज यावा म्हणून.

त्या शनिवारी सगळ्यांचं वजन वाढलं! सगळ्यांचं! आठशे, नऊशे, आठशे ग्रॅम. शिंपीणताई काट्यावरून उतरल्या त्या थेट खोक्यावर जाऊन बसल्या. टाळ्या वाजल्या, पण पावसात भिजलेल्या फटाक्यासारख्या.

"मी तर आठवडाभर गोड म्हणून काहीही खाल्लं नाही," जाऊ रडवेली झाली. "माझं कसं वाढलं, वहिनी?"

"हवा बदललीय," मी म्हणाले. आणि पायानं पेटी टेबलाखाली आणखी आत सरकवली.

पण माझी माणसं हार मानणारी नव्हेत! काका उठले. "प्रवासी मंडळी! चढावर गाडी मागे यायला लागली तर काय करतात? सामान उतरवतात. आणखी जप्ती करा!" आणि मंडळी आपापल्या घरी जाऊन नऊच्या आत परत आली. साखरेची बरणी! जॅमच्या दोन बाटल्या! लोण्याचा डबा तर जावेनं डोळे मिटून टाकला. पुढच्या शनिवारी सगळ्यांचं दीड दीड किलो कमी! मग तर आम्हाला गुरुकिल्लीच सापडली. ग्रंथपालबाईंनी वहीत आलेख काढला. जमा केलेलं जितकं जास्त, वजन तितकं कमी. आणि गंमत म्हणजे, त्याग एकानं केला तरी फळ पाचही जणांना! काकांनी दोन किलोचा केक आणून टाकला तेव्हा ताईंनी त्यांना हात जोडले. (केकची तपासणीही मला करावीच लागली.) सातव्या आठवड्यात जावेनं तळणीची लोखंडी कढईच आणली. "ही घरात असेपर्यंत माझा जीव तिच्यातच," म्हणाली. पेटीत टाकली तेव्हा धाडकन आवाज झाला, आणि आम्ही सगळे उभे राहिलो.

आठव्या शनिवारी शिंपीणताई पंच्याहत्तर!

त्या हसल्या, मग त्यांना रडू फुटलं, मग रडता रडता त्यांनी सगळ्यांच्या कमरेला मिठ्या मारल्या. मिठी मारताना एक क्षण त्या माझ्याशी थबकल्या, आणि कमरेभोवतीचे हात त्यांनी हळूच मागे घेतले. मला वाटलं, किती ही कृतज्ञता!

नववा शनिवार. सोमवारी दाखवायला जायचं, म्हणून शेवटचं वजन. ग्रंथपालबाईंनी वहीत नवीन पान आखलं होतं. आधी आम्ही चौघांनी वजनं केली. सगळे कमी, टाळ्यांवर टाळ्या! मी सदुसष्ट! ताईंना शेवटचा मान. त्या काट्याकडे निघाल्या, आणि तेवढ्यात दार उघडून साहेब आत आले. नऊला वीस मिनिटं कमी असताना! आवाज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येत होता म्हणे.

"काय चाललंय हे?" साहेबांनी विचारलं.

"वजनं, साहेब."

"काटा पार्सलचा आहे."

"आम्ही पार्सलच की!" काका पोटावर थाप मारून म्हणाले. "फक्त आमचा पत्ता चुकलेला."

साहेबांना हसू आवरेना. हसत हसतच ते काट्याजवळ गेले आणि सवयीनं बोटानं शून्याचं बटण दाबलं. ताई पाट्यावर चढल्या. डोळे मिटलेले. "वाचा."

कुणी वाचेना.

"वाचा की!"

"एक्क्याऐंशी दोनशे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

ताईंनी डोळे उघडले. "गेल्या शनिवारी पंच्याहत्तर होते मी."

"ताई," काका कुजबुजले, "आठवड्यात काय, मशीन गिळलंत?"

"जरा उतरा, काटा बिघडलाय," म्हणून मी काकांना वर ढकललं. तर काका दहा मिनिटांपूर्वी होते त्याच्यापेक्षा सात किलो तीनशे ग्रॅम जास्त! "अहो, मी या दहा मिनिटांत फक्त पाणी प्यायलो!" जाऊ चढली. सात तीनशे जास्त! ग्रंथपालबाई चढल्या. सात तीनशे! मी चढणार होते, पण नेमका तेव्हाच मला फोन आला. म्हणजे येईल असं वाटलं, म्हणून मी बाजूला झाले.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "शुक्रवारी फरशी धुतात तेव्हा ही निळी पेटी कुठे ठेवता?"

"खाली भिजू नये म्हणून काट्यावर ठेवते. शनिवारी येऊन मेन स्विच लावला की मग खाली उतरवते."

"हं. हा काटा चालू होताना त्याच्यावर जे असेल, त्याला तो शून्य धरतो. मग तुम्ही पेटी उतरवलीत की पेटीएवढं वजन प्रत्येकातून वजा. म्हणून तर मी रोज बटण दाबतो. रिकाम्या काट्यावर आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसत नव्हती?"

दिसत होती! आठ शनिवार मी ती ओल्या फडक्यानं पुसत होते. जात नव्हती म्हणून एकदा तर नखानं खरवडलीही होती. मला वाटलं, काचेवर डाग आहे!

साहेबांनी पेटी काट्यावर ठेवली. सात किलो तीनशे. म्हणजे चौतीस किलो कुठे गेलं नव्हतं. आमची बिस्किटं, आमचा केक आणि आमची कढई आमच्यातून वजा होत होती!

"पण माझे ब्लाऊज?" मी शेवटचा पुरावा काढला. "ते सैल झाले ते?"

शिंपीणताई खोक्यावर बसल्या होत्या. मान खाली घालून म्हणाल्या, "ते मी शिवण उसवून दिले होते."

"का?"

"बगलेत फाटत होते हो. माझ्या टेपला सगळं दिसतं. तुमची कंबर दोन बोटं पुढे गेली होती. पण तुम्ही दर शनिवारी एवढ्या उड्या मारायच्या... मला सांगवेना. वाटलं, एवढा मोठा काटा म्हणतोय तर माझी टेपच आक्रसली असेल." त्यांनी डोळे पुसले. "आणि माझी स्वतःची कंबर खरंच चार बोटं आत गेली होती. म्हणून विश्वास ठेवला."

ग्रंथपालबाई वहीत काहीतरी मांडत होत्या. "चार बोटं खरीच आहेत. शहाऐंशी चारशेवरून एक्क्याऐंशी दोनशे. पाच किलो दोनशे खरं उतरलंय तुमचं, ताई. आमच्यात तुमचं एकटीचंच." मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि एक सांगायचं होतं. माझ्या यादीप्रमाणे या पेटीत..."

"आधी ताईंचं बघा!" मी एवढ्या जोरात ओरडले की साहेबांची बॅग खाली पडली. "बाराशे ग्रॅम जास्त आहेत! सोमवारला दोन दिवस उरलेत! पेट्या काय मोजताय?"

माझा आवेश बघून सगळ्यांचे डोळे पाणावले. मला मात्र घाम फुटला होता.

पुढचे दोन दिवस काय धावपळ! काका शिट्टी घेऊन ताईंबरोबर चालले, खांबा-खांबावर थांबा घेत. "पुढचा थांबा लाल दरवाजा! उतरणारे कुणी नाही!" जावेनं ताईंच्या घरी मुक्काम ठोकला आणि त्यांच्या हातात जे जे खाण्यासारखं येईल ते स्वतः खाऊन टाकलं, मैत्रिणीसाठी एवढं करावंच लागतं म्हणाली. मी वजन कमी दिसण्याचे उपाय काढले: अंगठी काढा, घड्याळ काढा, पिना काढा, पातळ कापड घाला, चपला हलक्या घाला. ताई सगळं ऐकत होत्या. फक्त रविवारी संध्याकाळी एकदा मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "नाहीच झालं, तर हिच्यावर चादर घालून ठेवायची, एवढंच." आणि आम्हा चौघांना एकदम खोकला आला.

सोमवारी दवाखान्यात आम्ही पाचही जण. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण?"

"आम्ही सगळे," काका म्हणाले. "पण ऑपरेशन यांचं."

ताई काट्यावर चढल्या. अंगठी नाही, घड्याळ नाही, केसात एक पिनसुद्धा नाही. आम्ही चौघं श्वास रोखून, जणू आम्ही कमी श्वास घेतला तर त्यांचं वजन घटेल!

"एक्क्याऐंशी शंभर," नर्स म्हणाली.

दोन दिवसांच्या त्या सगळ्या धावपळीतून शंभर ग्रॅम! ताईंनी एकदाच मान हलवली. "असू दे. तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ केलंत." आणि त्या उतरायला लागल्या. नियमाप्रमाणे टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात उचलवेनात.

"थांबा," नर्स कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "हे कमरेला काय बांधलंय?"

"एप्रन."

"काढा तो."

"नाही हो, तो सकाळपासून रात्रीपर्यंत असतोच. काढला की उघडं उघडं वाटतं."

"मावशी, काढा म्हणते ना!"

ताईंनी गाठ सोडली आणि एप्रन माझ्या हातात दिला. आणि माझा हात खाली गेला! खिशात हात घातला. कापडं कापायची ती मोठी पोलादी कात्री! दुसरी छोटी कात्री! खडूची डबी, टाचण्यांची डबी, बटणांनी गच्च भरलेली पितळी डबी, दुकानाच्या आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा! नऊ आठवडे ताई हे सगळं दुकान अंगावर घेऊन काट्यावर चढत होत्या, आणि आम्हा एकालाही ते दिसलं नव्हतं. कसं दिसणार? आम्ही त्यांना एप्रनशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. कुणी कुणाला वजनाआधी नाक काढून ठेवा म्हणतं का?

"एकोणऐंशी आठशे," नर्स म्हणाली.

"वाचा, पुन्हा वाचा!" जाऊ ओरडली.

"एकोणऐंशी आठशे! आणि ओरडू नका, दवाखाना आहे!"

पण ऐकतंय कोण! काकांनी खिशातून शिट्टी काढून फुंकली. जाऊ रडत होती, ग्रंथपालबाई, आयुष्यभर लोकांना 'शांतता राखा' सांगणाऱ्या ग्रंथपालबाई, बाकावर वही आपटत होत्या! आतून डॉक्टर बाहेर आले. आकडा पाहिला, ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्याची बारा तारीख. चालेल?"

"चालेल नाही," ताई म्हणाल्या. "चालेन!"

मी म्हटलं, आता सुटले. या आनंदात कुणाला काय आठवतंय!

ग्रंथपालबाईंनी वही उघडली.

"अध्यक्षीणबाई, परवाचं राहिलं होतं. माझ्या यादीप्रमाणे पेटीत सगळं धरून दहा किलो चारशे ग्रॅम असायला हवं. भरलं सात तीनशे. तीन किलो शंभर कमी आहेत."

"उंदीर!" मी लगेच म्हणाले. "ऑफिसात फार उंदीर झालेत."

"परवा मी चॉकलेटचा डबा उघडून पाहिला. चंदेरी कागदांचे गोळे करून परत भरणारे उंदीर?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. काका बघायला लागले. नर्ससुद्धा बघायला लागली, तिचा काय संबंध कोण जाणे! ग्रंथपालबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "परवा तुमचं एकटीचं फेरवजन राहिलं. मी वहीत मांडून पाहिलंय. पण काट्यावर खात्री झालेली बरी."

मी काट्यावर चढले. इथे ना पेटी होती, ना रेघ, ना साहेब.

"चौऱ्याहत्तर तीनशे," नर्सनं वाचलं.

पहिल्या शनिवारी मी होते एकाहत्तर दोनशे. गणित तुम्हीच करा. मंडळातल्या सगळ्यांनी क्षणात केलं.

"सापडला!" काका म्हणाले. "चौऱ्याहत्तर किलोचा उंदीर!"

मी उतरले. मान खाली. आता मंडळ बुडालं, असं समजून मी दाराकडे वळणार, तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. नियम म्हणजे नियम ना! उतरणाऱ्यासाठी टाळ्या, आकडा काहीही असो. जाऊ नाक ओढत वाजवत होती, काका वाजवत होते, ग्रंथपालबाई वही काखेत धरून वाजवत होत्या. आणि सगळ्यांत जोरात, बिनएप्रनच्या, शिंपीणताई!

माझा ऊर भरून आला. मी ताईंच्या गळ्यात पडले. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, बगलेतली शिवण दोन बोटांत धरून चाचपली, आणि कानाशी हळूच म्हणाल्या,

"बाई, आता मात्र मनावर घ्या हं. यात उसवायला कापड उरलेलं नाही."